अध्वा आणि चंक्रमण

वैशालीच्या लोकांनी भिक्षूंना पाळीपाळीने पक्वान्नांची जेवणे घालायला सुरुवात केली आणि भिक्षू आजारी पडू लागले. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात ही हकीकत आली आहे. काही कामानिमित्त वैशालीला आलेल्या जीवकाने ते पाहिले. हा जीवक तक्षशिलेत शिकलेला, बिंबिसार राजाचा आणि संघाचाही वैद्य. भिक्षूंची जडावलेली शरीरे पाहून त्याने काढा दिला नाही की जुलाबही दिला नाही. तो बुद्धाकडे गेला आणि त्याने दोन गोष्टींची परवानगी मागितली. एक, येरझारा घालण्यासाठी ठरावीक जागा, म्हणजे पालीत ‘चंकम’; आणि दुसरी, घाम काढण्यासाठी गरम खोली. बुद्धाने दोन्ही गोष्टी मान्य केल्या.

यापुढचा भाग मला जास्त आवडतो, कारण तो एखाद्या नगरपालिकेच्या इतिवृत्तासारखा आहे. परवानगी मिळाली, भिक्षू चालू लागले. पण जमीन खडबडीत होती, पाय दुखू लागले. मग जमीन सपाट करण्याची मुभा मिळाली. चंकम सखल होता, पावसाचे पाणी त्यात साचे. मग तो उंच करून विटांनी, दगडांनी किंवा लाकडाने बांधून घेण्याची मुभा मिळाली. उंच केल्यावर चढताना लोक पडू लागले, म्हणून पायऱ्या आणि कठडा. चालता चालता कडेवरून पडू लागले, म्हणून चंकमालाही कठडा. ऊन आणि थंडी सोसेना, म्हणून वर छप्पर. एका वैद्याच्या साध्या सल्ल्याची अशी पायरीपायरीने वास्तू झाली. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तरेच्या अंगाला जो लांबट अरुंद चौथरा आहे, तो बुद्धाच्या चंक्रमणाची जागा म्हणून दाखवतात. तिथे पावलांच्या जागी दगडी कमळे आहेत.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते, आणि चालता चालता लाभलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी चार लाभ निव्वळ शरीराचे आहेत. मोक्षाच्या वाटेवर निघालेल्या माणसांना पचनाविषयी इतके मोकळेपणाने सांगणारी परंपरा मला फार समंजस वाटते.

या पाचांत झोप कुठेच नाही. उलट भिक्षूची दिनचर्या पाहिली तर चालणे आहे ते झोपेला दूर ठेवण्यासाठी. दिवसभर चालणे आणि बसणे. रात्रीच्या पहिल्या प्रहरातही तेच. मधल्या प्रहरात उजव्या कुशीवर, उठण्याची वेळ मनाशी ठरवून, निजणे. आणि शेवटच्या प्रहरी उठून पुन्हा चालणे. (इथला ‘प्रहर’ रात्रीच्या तिसऱ्या हिश्श्याचा, आपल्या तीन तासांच्या प्रहरापेक्षा मोठा.) मोग्गल्लान ध्यानाला बसला असता डुलक्या घेऊ लागतो, तेव्हा बुद्ध त्याला जे उपाय सांगतो ते आजच्या परीक्षार्थी मुलालाही ओळखीचे वाटतील. ऐकलेल्या उपदेशाची उजळणी कर, कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ, डोळ्यांना पाणी लाव, वर ताऱ्यांकडे पाहा, उजेडाची कल्पना कर. तरीही झोप येत असेल तर येरझारा घाल. आणि त्यानेही भागले नाही तर मुकाट्याने आडवा हो.

चालणे झोप घालवते की आणते? हा प्रश्न मला निव्वळ कुतूहलाने पडलेला नाही. वडील गेले त्या वर्षी माझी झोप गेली. दोन वाजता डोळे उघडत आणि मग दूधवाल्याची सायकल येईपर्यंत छताकडे पाहत पडायचे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. ‘रोज चाला’ म्हणाले. मला राग आला. इतकी फी घेऊन एवढेच? आजारी माणसाला औषधाच्या चिठ्ठीवर काहीतरी न वाचता येणारे अक्षर हवे असते. त्या रागातूनच मी जुने ग्रंथ उघडले, डॉक्टर चूक आहेत हे सिद्ध करण्यासाठी.

सुरुवातीला तसेच वाटले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, झोपेचे बरेच विवेचन आहे. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानणारा हा ग्रंथ अतिझोपेवरचे उपाय सांगताना जी यादी देतो तिच्यात भय, चिंता, क्रोध, धूर, उपवास, गैरसोयीचे अंथरूण यांच्याबरोबर व्यायामही आहे! आणि झोप आणणाऱ्या उपायांत अंगाला तेल चोळणे, स्नान, दूध, दही-भात, मांसरस, मद्य, सुवास, कानाला गोड वाटणारे आवाज, अंग रगडून घेणे, मनाचे समाधान. चालण्याचे नाव नाही. म्हशीचे दूध निद्रानाशावर चांगले, असेही चरक अन्यत्र सांगतो. हे वाचून मी म्हशीच्या दुधाची चौकशी केली हे कबूल करतो.

पण त्याच अध्यायात झोप येते कशी याचे उत्तरही आहे. मन दमते, इंद्रिये दमतात, विषयांपासून मागे फिरतात, तेव्हा माणूस निजतो. म्हणजे झोपेच्या मुळाशी थकवा आहेच. मग व्यायाम एकीकडे झोप उडवतो आणि दुसरीकडे तिची पूर्वतयारीही करतो. कोडे वेळेचे आहे आणि मात्रेचे. हे कोडे अधिक नेमके सुश्रुताने मांडले. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात त्याने चालण्यासाठी दोन वेगळे शब्द वापरले आहेत. ‘अध्वा’ म्हणजे वाट तुडवणे. ते अंगाची कांती, कफ, स्थूलपणा आणि सुकुमारता यांचा नाश करते. आणि ‘चंक्रमण’, ज्याने देहाला फार पीडा होत नाही ते. ते आयुष्य, बळ, बुद्धी आणि जठराग्नी वाढवते, इंद्रियांना जागे करते. पाय तेच, रस्ताही कदाचित तोच. पण सुश्रुताच्या लेखी या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दोघींचे फळ वेगळे आहे. वारीचे चालणे यांतल्या कोणत्या खान्यात टाकावे, हे सुश्रुताला विचारायला हवे होते. अंतर पाहिले तर तो अध्वाच. पण वारकऱ्याचा चेहरा पाहिला तर तसे म्हणवत नाही.

सुश्रुताचाच आणखी एक सल्ला मराठी घरांत शब्द बनून राहिला आहे. जेवणानंतर अन्नाचा जडपणा ओसरेपर्यंत राजासारखे निवांत बसावे, मग शंभर पावले चालावे आणि डाव्या कुशीवर कलंडावे, असे तो सूत्रस्थानात सांगतो. ही आपली शतपावली. (भिक्षू उजव्या कुशीवर, सुश्रुत डाव्या, या वादात मी पडत नाही.) आमचे आजोबा पडवीत शतपावली घालत आणि पावले खरोखर मोजत. मध्येच कुणी काही विचारले की हात वर करून थांबवत, आणि मोजणी चुकली तर पहिल्यापासून सुरू करत. आम्ही मुले मुद्दाम प्रश्न विचारत असू.

शंभर पावलांनी काय होते, हा प्रश्न आता प्रयोगशाळेतही विचारून झाला आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी साठी ओलांडलेल्या दहा जणांना एकदा सलग ४५ मिनिटे चालवले आणि एकदा प्रत्येक जेवणानंतर १५-१५ मिनिटे. रात्रीच्या जेवणानंतरची रक्तातली साखर जेवणानंतरच्या त्या छोट्या चालण्याने अधिक चांगली आटोक्यात राहिली. दहा माणसे म्हणजे फार नव्हेत, आणि १५ मिनिटे म्हणजे शंभर पावलांपेक्षा खूपच जास्त. तरीही पडवीतल्या आजोबांची बाजू त्यामुळे थोडी भक्कम होते.

मात्रा चुकली की काय होते याचे जुने उदाहरण सोण कोळिविसाचे. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा मुलगा इतक्या लाडात वाढला होता की त्याच्या तळपायांवर केस होते. भिक्षू झाल्यावर त्याने चंक्रमणाचा असा ध्यास घेतला की पाय फुटले आणि चंकम रक्ताने माखला. तरी चित्त शांत होईना. घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तेव्हा बुद्धाने त्याला, तो गृहस्थाश्रमात वीणा वाजवत असे याची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार ढिल्या सोडल्या तर? ही वीणेची उपमा सर्वांना ठाऊक असते. तिच्या आधीचा तो रक्ताळलेला चंकम सहसा कुणी सांगत नाही. बुद्धाने सोणला पायात एकपदरी वहाणा घालायला परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नकोत, सगळ्या संघाला मिळणार असतील तर घालीन. मग सर्वांनाच मिळाल्या.

निद्रानाशावर रात्री चालण्याचा उतारा करून पाहणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे चार्ल्स डिकन्स. ‘नाइट वॉक्स’ हा त्याचा निबंध १८६० साली ‘ऑल द इयर राउंड’ या त्याच्याच नियतकालिकात आला. काही वर्षांपूर्वी एका दुःखद प्रसंगानंतर आपली झोप उडाली होती, असे तो सांगतो. चरित्रकार हा प्रसंग १८५१च्या मार्चअखेरीस झालेल्या त्याच्या वडिलांच्या मृत्यूशी जोडतात. बिछान्यात तळमळत राहण्याऐवजी तो उठून बाहेर पडू लागला. मार्चची दमट, गार रात्र, साडेबारापासून उजाडेपर्यंत. वॉटर्लू पुलावरचा टोल घेणारा माणूस, न्यूगेट तुरुंगाच्या भिंती, वेड्यांचे बेथलेहेम रुग्णालय, कॉव्हेंट गार्डनच्या बाजारातली पहाटेची कॉफी. सूर्योदयाला दमून घरी यायचे आणि झोपायचे. झोप आलीही. पण त्या रात्रींतून त्याला जे सापडले ते झोपेपेक्षा मोठे होते. ज्यांना परतायला घर नाही म्हणून चालत राहावे लागते, अशी माणसे त्याला भेटली. स्वतःलाही तो त्या निबंधात बेघरपणाचेच नाव देतो. मात्र सकाळी त्याला घर होते. एवढा फरक त्याला पुरता ठाऊक होता, आणि निबंध त्यामुळेच टिकला.

त्यांचे चालणे अध्वा. डिकन्सचे, पाचेक तासांचे असूनही, चंक्रमण. सुश्रुताचा भेद मला इथे कळला. अंतरावर तो अवलंबून नाही. ८ मे २०२०च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात रेल्वेरुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत काम सुटल्यावर ते जालन्याहून रुळांच्या कडेने चालत भुसावळकडे निघाले होते; तिथून मध्य प्रदेशात गावी जाणारी गाडी मिळेल अशी आशा होती. रात्रभर चालून दमले आणि गाड्या बंद आहेत या समजुतीने तिथेच आडवे झाले. इंजिनाचा आवाजही ज्यांना जागे करू शकला नाही अशी झोप चालण्यानेच आणली होती. चालण्याच्या फायद्यांवर लिहिणाऱ्या कुणालाही ही रात्र वगळून पुढे जाता येऊ नये, असे मला वाटते. त्या सोळा जणांना चालण्याचा सल्ला कुणी दिलेला नव्हता.

डिकन्सच्याच लंडनमध्ये १८८८ साली एक काठेवाडी विद्यार्थी आला. शाळेत त्याला कसरतीचा कंटाळा होता, पण मोकळ्या हवेत लांब फिरण्याचे फायदे त्याने कुठेतरी वाचले होते आणि फिरण्याची सवय लावून घेतली होती. लंडनमध्ये पैसे वाचवण्यासाठी त्याने खोली अशी निवडली की कामाच्या जागी पायी जाता यावे. रोज आठ-दहा मैल चालणे होई, आणि त्यामुळेच आपण तिथे आजारी पडलो नाही असे गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. भाडे वाचवणे हा मूळ हेतू. प्रकृती ही वरकड कमाई. पुढे त्याच पायांनी काय केले ते सांगायला नको.

गांधी चालले त्याच लंडनच्या रस्त्यांवर साठेक वर्षांनी जेरी मॉरिस यांनी जो प्रश्न विचारला तो आपल्या ओळखीचा आहे. मॉरिस डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवेत भारत आणि ब्रह्मदेशात राहिलेले. युद्धानंतर हृदयविकाराचे प्रमाण का वाढते आहे, याचा शोध घेताना त्यांनी लंडनच्या बसगाड्या, ट्राम आणि ट्रॉलीबसवरच्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. एकाच दुमजली बसमध्ये दोन माणसे: ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर खालीवर करणारा. पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या तो चढत असे. घरची स्थिती दोघांची जवळपास सारखी. तरीही कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, झाला तर उतारवयात होत होता आणि पहिल्या झटक्यातच जाण्याचे प्रमाणही कमी होते. टपाल खात्यातही तेच दिसले: पत्रे वाटणारे पोस्टमन एका बाजूला, टेबलाशी बसणारे कारकून आणि टेलिफोनवाले दुसऱ्या बाजूला. हे काम १९५३च्या नोव्हेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन भागांत छापून आले.

मुंबईकरांना यावर हसू येईल. बेस्टची दुमजली बस १९३७पासून मुंबईत धावत होती, आणि तिकिटांच्या पेटीवर चिमट्याची टिकटिक करत तो अरुंद जिना चढणारा कंडक्टर आम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या हृदयाविषयी आमच्यापैकी कुणाला कधी काही विचारावेसे वाटले नाही. सुटे पैसे असतील का, एवढेच आम्ही विचारत होतो.

मॉरिस यांच्याविषयी माझ्या मनात खरा आदर निर्माण झाला तो त्यांच्या पुढच्या निबंधामुळे. त्यांना शंका आली की ड्रायव्हर बसून राहिल्याने जाड होतो की मुळात जाड माणसेच ड्रायव्हर होतात? मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशाचे हिशेब काढले. विजारींच्या कंबरेची मापे तपासली तर ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच कंडक्टरांपेक्षा मोठी. १९५६ साली त्यांनी हे स्वतःच छापले. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला आपणच छिद्र पाडायचे, आणि तेही शिंप्याच्या टेपने! पुढे सरकारी कारकुनांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करताना, रमतगमत चालणे हृदयाला पुरत नाही, जोर लागेल असे काही हवे, असेही त्यांना दिसले. भरभर चालणे मात्र त्यात बसत होते. मॉरिस २००९ साली, शंभरीला काही महिने कमी असताना, वारले.

तुमच्या मनगटावरच्या घड्याळाला हवी असलेली दहा हजार पावले कुठून आली तेही सांगून टाकतो. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मान्पो-केइ’, दहा हजार पावलांचा मापक. आकडा नावात आधी आला. २०१९ साली सुमारे सतरा हजार वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलांनीही मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी दिसले आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. आजोबांची शंभर पावले यात खूपच मागे पडतात; पण शंभर हा आकडाही मोजण्यापेक्षा उच्चारण्याच्या सोयीचाच असणार.

आणि झोप? १९९७ साली स्टॅनफर्डमधल्या एका चाचणीत ५० ते ७६ वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या आणि झोपेची तक्रार असलेल्या ४३ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सोळा आठवडे, आठवड्यातून चार वेळा, अर्धा-पाऊण तास भरभर चालणे आणि हलका व्यायाम. शेवटी त्या गटाला झोप लवकर लागू लागली, जास्त वेळ टिकू लागली. हे सारे त्यांच्याच सांगण्यावरून, हे लक्षात ठेवावे. पण निद्रानाशाच्या बाबतीत रुग्णाच्या सांगण्यापेक्षा मोठा पुरावा तरी कोणता? कारणेही आता बरीच माहीत आहेत. दिवसभराच्या हालचालीने मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचते आणि झोपेची भूक वाढते; चालताना वाढलेले शरीराचे तापमान नंतर उतरते, तेही पथ्यावर पडते; आणि सकाळी डोळ्यांत जाणारा उजेड शरीराचे घड्याळ रोजच्या रोज लावून देतो. चरकाचे दमणे आणि मोग्गल्लानाने कल्पायचा तो उजेड, दोन्ही यात आहेत.

मला सर्वांत उपयोगी पडला तो मात्र एक छोटा आणि काहीसा निराश करणारा अभ्यास. २०१३ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात निद्रानाश असलेल्या अकरा स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. ज्या दिवशी व्यायाम केला त्या रात्री झोप सुधारली नव्हती. उलटे मात्र खरे होते: रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम आखडता होई. गुण दिसायला महिने लागले होते. म्हणजे पहिले आठ दिवस चालून, काही फरक नाही म्हणत बूट कोपऱ्यात टाकणारा मी एकटा नव्हतो. मी पुन्हा बूट काढले. डॉक्टरांना मात्र अजून सांगितलेले नाही.

पहाटे साडेपाचला मी फाटकाबाहेर पडतो तेव्हा आमच्या सोसायटीचा रखवालदार शेवटची फेरी घालत असतो. रात्रभर दर तासाला तो काठी आपटत आवाराला चक्कर मारतो. खुर्चीत बसलो की डोळा लागतो, म्हणतो. झोप येऊ नये म्हणून तो चाललेला, यावी म्हणून मी निघालेला. फाटकाशी आमची गाठ पडते. ‘किती फेऱ्या?’ मी विचारतो. ‘मोजत नाही, साहेब,’ तो म्हणतो. सहा वाजता त्याची पाळी संपते. मग बसचे भाडे वाचवायला तो चार किलोमीटर पायी घरी जातो आणि पत्र्याच्या खोलीत, ऊन चढायच्या आत, झोपायचा प्रयत्न करतो.